सुजेचा वारसा आणि बाळंतपण

गरोदर स्त्रीच्या पायांवर सूज दिसली म्हणजे घरातील वडीलधाऱ्या बायका फारशा घाबरत नाहीत, आणि बहुधा ते योग्यच असते. दिवस भरत आले की संध्याकाळी पावले जड होतात, बांगड्या हातांत रुततात, आणि सकाळी पुन्हा सारे पूर्ववत होते. रक्तदाब वाढल्याबरोबर येणारी सूज याहून निराळी; तिच्याविषयी प्रसूतिगृहांतून आता पुरेशी सावधगिरी बाळगली जाते. परंतु या दोहोंहून वेगळी अशी एक तिसरी सूज आहे. ती क्वचित आढळते, सुमारे ५०,००० माणसांत एकास. ती गरोदरपणामुळे उत्पन्न झालेली नसते. त्या स्त्रीबरोबर ती जन्मासच आलेली असते. वैद्यकात तिला आनुवंशिक अँजिओएडिमा असे नाव आहे.

या सुजेची चाल ओळखण्याजोगी आहे. ओठ, पापणी, हाताचा पंजा, पाऊल किंवा गुह्यभाग यांपैकी एखादी जागा काही तासांत फुगू लागते, दिवसभर वाढत जाते आणि दोन ते पाच दिवसांत मागे कसलीही खूण न ठेवता ओसरते. तिला खाज नसते. अंगावर पित्त उठले असता गांधी येतात तशा येथे येत नाहीत. बोटाने दाबले तर खळगा पडत नाही. साहजिकच घरी प्रथम पित्ताचाच संशय येतो आणि आमसुलाचे पाणी अंगाला चोळले जाते. त्यानंतर डॉक्टरांकडून पित्तावरच्या गोळ्या, स्टिरॉइड, फार झाले तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. आमसुलाने अपाय होत नाही एवढेच. गुण मात्र यांपैकी कशानेच येत नाही. दोन-तीन दिवसांनी सूज आपल्या क्रमाने उतरते आणि शेवटी जे औषध दिले गेले असेल त्यास यश मिळते. अशा उसन्या यशामुळे हा विकार एकेका घरात वर्षानुवर्षे लपून राहिलेला आहे.

कातडीवरची सूज रूप बिघडवते, जीव घेत नाही. जिवावर बेतते ती आतली. हीच सूज आतड्याच्या भिंतीत उतरली म्हणजे पोटात असह्य मुरडा येतो, ओकाऱ्या सुरू होतात, रक्तदाब उतरतो आणि बाहेरून पाहणाऱ्यास काहीच दिसत नाही. आंत्रपुच्छाचा दाह समजून कित्येकांची पोटे विनाकारण उघडण्यात आली आहेत. आणि ती घशात उतरली तर आवाज बदलतो, घास गिळवत नाही, मग श्वासाची वाट अरुंद होऊ लागते. निम्म्याहून अधिक रुग्णांना आयुष्यात एकदा तरी घशाचा झटका येतो. तो केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही. दात काढल्यानंतर काही तासांनी आल्याची उदाहरणे मात्र पुष्कळ आहेत.

जर्मनीतील कील येथील प्राध्यापक हाइनरिख क्विंके यांनी १८८२ साली अशा आकस्मिक सुजेचे वर्णन केले. सहा वर्षांनी, १८८८ मध्ये, विल्यम ऑस्लर यांनी एका अमेरिकन कुटुंबाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातील पाच पिढ्यांत ही सूज चालत आलेली होती आणि दोघांचा अंत अकस्मात घसा सुजून झाला होता. ऑस्लर यांनी विकाराचे आनुवंशिकत्व अचूक हेरले. परंतु त्या काळच्या समजुतीस अनुसरून नावात ‘न्यूरोटिक’ हा शब्द राहिला, म्हणजे दोष मज्जातंतूंचा ठरला. या एका शब्दाने पुढे बरेच नुकसान केले. पोटात कळा येतात म्हणून तळमळणाऱ्या आणि तपासणीत काहीच न सापडणाऱ्या स्त्रीस ‘नर्व्हस’ ठरवून घरी पाठवणे त्यामुळे अधिकच सोपे झाले. खरे कारण हाती यावयास १९६३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया डोनाल्डसन व इव्हान्स या संशोधकांनी दाखवून दिले की, या रुग्णांच्या रक्तात एका विशिष्ट प्रथिनाची उणीव असते. त्या प्रथिनाचे नाव सी-१ निरोधक.

शेतीस पाटाचे पाणी येते त्या गावांतून पाटकरी काय करतो हे सर्वांस ठाऊक आहे. पाणी हवेच असते. पण दार केव्हा बंद करावयाचे हे पाहणारा माणस जागेवर नसेल तर रानात चिखल होतो. रक्तामध्ये सी-१ निरोधकाचे काम थोडेसे पाटकऱ्यासारखे आहे. तो कमी पडला, अथवा असून नाकाम असला, म्हणजे एका साखळीवरचा ताबा सुटतो आणि ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ अतोनात तयार होतो. त्याच्यामुळे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात व रक्तातील पाणी आसपासच्या ऊतींत झिरपते. पित्त उठते ते हिस्टामिनमुळे. येथे हिस्टामिनचा संबंध नाही, म्हणून हिस्टामिनवरची औषधे येथे हात टेकतात. निदानासाठी रक्तातील सी-४ या प्रथिनाचे प्रमाण, तसेच सी-१ निरोधकाचे प्रमाण व कार्य तपासतात. गरोदरपणात निरोगी स्त्रीच्या रक्तातही सी-१ निरोधकाचे प्रमाण काहीसे उतरते. त्यामुळे त्या अवधीत केलेली तपासणी बाळंतपणानंतर पुन्हा करून पक्की करावी लागते. ज्यात ही सर्व प्रथिने पुरेशी असूनही सूज येते असा एक प्रकार २००० साली वर्णिला गेला. तो बहुतांशी स्त्रियांत आढळतो, ईस्ट्रोजेन या स्त्रीरसाशी त्याचे निकटचे नाते आहे, आणि कित्येकींना त्याची पहिली ओळख गरोदरपणात किंवा संततिनियमनाच्या गोळ्या सुरू केल्यावरच होते.

दोष ज्या जनुकात असतो ते अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याच्या दोन प्रतींपैकी एक जरी सदोष असली तरी विकार प्रकट होण्यास ती पुरते. आईकडून येवो वा बापाकडून, मुलास येवो वा मुलीस, प्रत्येक अपत्याच्या बाबतीत संभव अर्ध्यास अर्धा. दर चार किंवा पाच रुग्णांत एकाच्या घराण्यात मात्र पूर्वी कोणासही विकार नसतो. दोष त्याच्यापासूनच सुरू झालेला असतो. एकाच घरात बापाला वर्षातून एकदा हात सुजण्यापलीकडे त्रास नसावा आणि मुलीस महिन्यास दोन झटके यावेत, असेही घडते.

आपल्याकडे या वारशास आणखी एक पदर आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली असता घरातील आजार झाकण्याची प्रवृत्ती नवी नाही, आणि ज्या आजाराची खूण आज दिसते व परवा दिसत नाही तो झाकणे तर फारच सोपे. आजोबा ‘घसा धरून’ गेले, आत्याचा चेहरा अधूनमधून सुजे, एवढ्या गोष्टी माहेरी सर्वांस ठाऊक असतात. सासरी त्यांचा उच्चार होत नाही. मग नव्या सुनेचे ओठ एके सकाळी सुजलेले दिसले की कोणी मीठमोहरीने दृष्ट काढतो, कोणी तिच्या खाण्यात खोट काढतो. लग्नापूर्वी काय सांगावे हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा. परंतु दिवस गेल्यावरही मौन पाळणे हे त्या मुलीच्या जिवाशी खेळणे होय, कारण मुद्दा आता प्रतिष्ठेचा उरलेला नसून तिला कोणते औषध द्यावे आणि कोणते देऊ नये याचा असतो.

एका औषधाविषयी तर गर्भ राहण्यापूर्वीच बोलले पाहिजे. झटके वारंवार येऊ नयेत म्हणून डॅनॅझोल किंवा स्टॅनोझोलॉल यांसारखी पुरुषरसाच्या वर्गातील औषधे बरीच वर्षे दिली जात आहेत. ती स्वस्त आहेत आणि गुणकारीही आहेत. परंतु ती वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात, आणि गर्भ मुलीचा असल्यास तिच्या अवयवांवर पुरुषी छाप उमटू शकते. यास्तव मूल हवे असा विचार ठरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने ही औषधे थांबवून दुसरी व्यवस्था करावी लागते. गोळ्या चालू असताना अनपेक्षितपणे दिवस गेले तर घाबरून स्वतःच्या मनाने काही करण्यापेक्षा त्याच दिवशी डॉक्टरांस कळवणे श्रेयस्कर.

गरोदरपणाचा या विकारावर काय परिणाम होईल? याचे एकच उत्तर नाही. कोणाचे झटके वाढतात, कोणाचे कमी होतात, कोणास फरकच पडत नाही. आणि एकाच स्त्रीची दोन गरोदरपणे एकसारखी जातील असेही नाही. पाळीच्या सुमारास ज्यांना त्रास होतो त्यांना गरोदरपणातही तो वाढण्याचा संभव अधिक असतो. गर्भात व्यंग उत्पन्न होण्याशी या विकाराचा संबंध दिसून आलेला नाही आणि विकार माहीत असून तयारी असेल तर बहुतेकींचे दिवस नीट भरतात. भीती आहे ती गैरसमजाची. या काळात पोटाचे झटके विशेष दिसतात, आणि गरोदर स्त्रीचे पोट दुखणे म्हणजे डॉक्टरांपुढे शंकांची रांगच उभी राहते. पहिल्या महिन्यांत ओकाऱ्या झाल्या तर त्या नेहमीच्या डोहाळ्यांच्या वाटतात. सातव्या-आठव्या महिन्यात मुरडा आला तर अकाली कळा, वार सुटणे, आंत्रपुच्छाचा दाह, सारेच संभवनीय असते. त्यात भर म्हणजे सोनोग्राफीत पोटात पाणी दिसते, कारण सुजलेल्या आतड्यातून ते झिरपलेले असते; आणि शस्त्रक्रियेचा विचार अधिकच बळावतो. अशा वेळी रुग्णेस हा विकार आहे एवढे एक वाक्य कानी पडले तर पोट उघडण्यापूर्वी डॉक्टर सुजेवरचे औषध देऊन पाहू शकतात. अर्थात विकार आहे म्हणून प्रत्येक कळ त्याचीच असे मानणेही तितकेच घातक. या स्त्रियांचीही वार सुटू शकते आणि आंत्रपुच्छ पिकू शकते. गर्भाची तपासणी म्हणूनच दोन्ही प्रसंगी करावयाची असते.

आता ते औषध. उणीव ज्या प्रथिनाची, तेच शिरेतून देणे हा गरोदरपणातील व अंगावर पाजण्याच्या काळातील सर्वमान्य उपचार आहे. निरोगी दात्यांच्या रक्तातील प्लाझ्मापासून सी-१ निरोधक वेगळा काढून, विषाणूंचा नाश करून, त्याची भुकटी कुपीत भरलेली असते. मात्रा वजनाप्रमाणे, दर किलोस २० युनिट. म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीस १,२०० युनिट लागतील, आणि कुपी ५०० युनिटांची असल्यास तीन कुप्या जवळ हव्यात. बहुधा अर्ध्या ते एका तासात उतार पडू लागतो. झटके फारच वारंवार येत असतील तर हेच औषध ठरावीक दिवसांनी देत राहता येते. अलीकडे ब्रॅडिकायनिनला अडवणारी किंवा त्याची उत्पत्ती रोखणारी आणखीही औषधे निघाली आहेत, तथापि गरोदर स्त्रियांतील त्यांचा अनुभव तोकडा असल्याने पहिली पसंती अद्यापि जुन्या प्रथिनासच आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड काही ठिकाणी देतात; त्याचा गुण बेताचाच.

अडचण अशी की, भारतात या कुप्या मिळणे वर्षानुवर्षे दुर्घट होते, आणि मिळाल्या तरी त्यांची किंमत मध्यमवर्गीय घरास झेपण्यासारखी नव्हती. त्यामुळे येथील पुष्कळ डॉक्टरांची भिस्त रक्तपेढीतील फ्रेश फ्रोझन प्लाझ्मावर राहिली. त्यात सी-१ निरोधक नैसर्गिक प्रमाणात असतो, आणि त्याने अनेक जीव वाचलेले आहेत. पण तो रक्तगटाप्रमाणे जुळवावा लागतो, गोठलेला असल्यामुळे वितळवण्यास वेळ जातो, आणि त्यात सुजेस खतपाणी घालणारी द्रव्येही असल्याने क्वचित प्रसंगी सूज उतरण्याऐवजी वाढते. घसा आवळत आल्यावर रक्तपेढीकडे धाव घेण्यात अर्थ नाही. प्रसूतीच्या तारखेच्या काही आठवडे आधीच, औषध कोणते, ते कोठे ठेवलेले आहे, रात्री दोन वाजता त्याची किल्ली कोणापाशी असेल, हे ठरलेले असावे.

येथेच पहिल्या बाळंतपणाच्या चालीचा प्रश्न येतो. डोहाळजेवण झाले की मुलगी माहेरी जाते, ही आपली जुनी आणि गोड रीत. पण नऊ महिन्यांपैकी सहा-सात महिने ज्या डॉक्टरांनी तिला पाहिले ते पुण्यास, आणि बाळंतपण एखाद्या तालुक्याच्या गावी लहानशा प्रसूतिगृहात, असे झाले तर विकाराची माहिती वाटेतच गळून पडते. ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ सदैव हजर आहे, श्वासनलिकेत नळी घालण्याची आणि प्रसंगी गळ्यास छेद देऊन श्वासाची वाट मोकळी करण्याची सोय आहे, आणि रक्तपेढी हाकेच्या अंतरावर आहे, तेथेच या स्त्रीची प्रसूती व्हावी. माहेरच्या गावी ती सोय नसेल तर त्या खेपेपुरते आईने मुलीकडे येऊन राहावे हे उत्तम. विकाराचे नाव, तपासणीचे आकडे, औषध व त्याची मात्रा, आणि कोणती औषधे चालत नाहीत, हे एका कागदावर डॉक्टरांच्या सहीने लिहून घेऊन तो कागद तिच्या पिशवीत, नवऱ्याच्या खिशात आणि प्रसूतिगृहाच्या दप्तरी, तिन्ही ठिकाणी असावा. तिचा घसा सुजला असता तिला स्वतःला बोलता येईलच असे नाही.

प्रत्यक्ष प्रसूतीविषयी मात्र दिलासा देण्याजोगी गोष्ट आहे. एवढे ताणणे, एवढ्या वेदना, त्यामुळे हमखास मोठा झटका येणार असे कोणासही वाटेल; परंतु अनुभव तसा नाही. कळा चालू असताना झटका येणे विरळाच, आणि नैसर्गिक प्रसूती हाच या स्त्रियांसाठी पसंतीचा मार्ग आहे. केवळ हा विकार आहे एवढ्याच कारणाने सिझेरियन करण्याचे प्रयोजन नाही. सरळ प्रसूतीत औषध आधीच दिलेच पाहिजे असेही नाही. ते खोलीत तयार मात्र हवे. ज्या स्त्रीस शेवटच्या महिन्यांत झटके वारंवार आले, पूर्वी प्रसूतीनंतर गुह्यभाग सुजला, किंवा घशाचा त्रास होऊन गेला, तिला मात्र कळा सुरू होताच मात्रा देणे बरे. चिमटा लावणे, निर्वात पेल्याने मूल ओढणे, सिझेरियन, यांपैकी काहीही करावयाचे ठरले तर औषध त्यापूर्वी द्यावयाचे. गर्भजलाची तपासणी करण्यापूर्वीही हाच नियम.

भूल देताना पाठीच्या कण्यात सुई टोचून कमरेखालचा भाग बधिर करणे अधिक सुरक्षित, याचे कारण उघड आहे. पूर्ण भूल द्यावयाची तर श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि ज्या घशात सुजेची भीती आहे त्यालाच धक्का लागतो. नाइलाजाने तसे करावे लागलेच तर आधी सी-१ निरोधक, मग नळी.

मूल रडले, वार पडली, टाके घातले, पेढे वाटले गेले, म्हणजे घरच्यांचे लक्ष पाळण्याकडे वळते. या विकारात नेमका हाच काळ डोळ्यांत तेल घालून पाहण्याचा आहे. प्रसूतीनंतरच्या एक-दोन दिवसांत गुह्यभागास मोठी सूज येऊ शकते. ती टाक्यांची सूज किंवा आत साकळलेले रक्त समजून चुकीचे उपचार होतात. तेव्हा निदान ७२ तास तरी तिला रुग्णालयातच ठेवावे. तिसऱ्या दिवसाच्या आत घरी सोडण्याची घाई कोणी करू नये. याच काळात दोन औषधे नकळत तिच्या वाट्यास येण्याचा संभव असतो. बाळंतिणीचा रक्तदाब चढलेला असेल तर एनालाप्रिल देण्याचा प्रघात आहे. या वर्गातील औषधे ब्रॅडिकायनिनचा निचरा अडवतात आणि निरोगी माणसाचाही घसा क्वचित सुजवतात. या स्त्रीस ती मुळीच चालत नाहीत. रक्तदाब उतरवणारी अन्य औषधे पुष्कळ आहेत. दुसरे म्हणजे पुढे संततिनियमनासाठी दिल्या जाणाऱ्या ईस्ट्रोजेनयुक्त गोळ्या. त्या टाळून केवळ प्रोजेस्टेरॉन वर्गातील औषध असलेल्या गोळ्या किंवा अन्य साधने वापरता येतात.

अंगावर पाजावे की नाही याबद्दल पुष्कळ मातांच्या मनात चिंता असते. विकार दुधातून मुलास जात नाही. पाजण्याच्या काळात काहींचे झटके वाढतात, पण सी-१ निरोधक घेत असताना पाजण्यास हरकत नसते. त्रास फारच वाढला तर पाजणे केव्हा आटोपते घ्यावे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. डॅनॅझोलसारखी पूर्वीची औषधे मात्र मूल अंगावर पीत असेतोवर पुन्हा सुरू करावयाची नाहीत.

आणि बाळास विकार आला आहे की नाही? हा प्रश्न बारशापूर्वीच विचारला जातो, आणि कित्येकदा नाळेतील रक्त तपासण्याचा आग्रह धरला जातो. त्याचा उपयोग होत नाही. नवजात अर्भकाच्या रक्तात ही प्रथिने स्वभावतःच कमी असतात, त्यामुळे निरोगी मूलही विकारी ठरू शकते. आईबापांच्या जनुकातील नेमका दोष आधी शोधून ठेवला असेल तर बाळाचे जनुक लवकर तपासता येते. एरवी रक्ततपासणी पहिला वाढदिवस झाल्यावरच विश्वसनीय ठरते. तोपर्यंत बाळाच्या डॉक्टरांनी त्यास विकार आहे असे धरूनच चालावे. पहिल्या वर्षात झटका क्वचितच येतो. बहुतेकांना तो शाळेच्या वयात येऊ लागतो, आणि मुलींच्या बाबतीत न्हाण येण्याच्या सुमारास जोर धरतो.